बुवा आणि पिवळबुडे

आमच्याकडे बुलबुल दोन प्रकारचे होते. एक घरात, बाकीचे बाहेर.

घरातला एकटाच. त्याचं डोकं वाळलेल्या गवताच्या रंगाचं, ऊन पडलं की सोन्यासारखं दिसायचं. डोळ्याला लागून एक काळी रेघ आणि चोचीखाली दुसरी, कोणी पेनाने मिशी काढल्यासारखी. अंगाने भरलेला. गाण्याआधी तो पंख झटकायचा, दांडीवर इकडून तिकडे सरकायचा, घशातून एकदोन बारीक आवाज काढायचा. तंबोरा लावायचा तेवढा राहिलाय, असं माझी बायको म्हणायची. तिनेच त्याचं नाव बुवा ठेवलं. बुवा एकदा गायला लागला की समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून ठेवायचा, ऐकता ऐकता कोणाचा शर्ट जळू नये म्हणून.

बाहेरचे ते पिवळबुडे. भुरकट अंग, विस्कटलेला तुरा, शेपटीखाली पिवळा डाग. विजेच्या तारेवर, पपईवर, माझ्या दुकानाच्या पत्र्यावर, बघावं तिकडे तेच. त्यांचं गाणं म्हणजे दोन जावा भांडी घासता घासता बोलतात तसं. वाईट नाही, पण कोणी इस्त्री बाजूला ठेवून ऐकावं असंही नाही.

माझं काम खुर्च्या दुरुस्त करायचं. वेताने विणलेल्या बैठका, निखळलेले पाय, मोडलेले हात. दुकान घराच्या समोरच, मध्ये फक्त गल्ली. दुपारचा चहा झाला की बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून शीळ घालायची. दोन आखूड आणि एक लांब, शेवटी वर चढणारी. बाईमाणसाने शीळ घालू नये असं तिला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे ती जास्तच छान घालायची. मी लाकडी हातोडी बाकावर दोनदा आपटायचो, टक टक. म्हणजे ऐकलं, येतोय. नाही आपटली तर ती पुन्हा शीळ घालायची आणि मग चहा गार झाल्याबद्दल ऐकून घ्यावं लागायचं. आमचं लग्न झाल्यापासून हेच चालू होतं. दुपारी आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

बुवा तिच्या मामाचा. मामा जहाजावर आचारी होता. त्या वेळी असे पक्षी बाजारात उघड मिळायचे. मामाने घेतला तेव्हा तो नुकताच जाळ्यात सापडलेला, पुरता वाढलेला पक्षी होता. मामा गेल्यावर पिंजरा मांडीवर घेऊन बायको टॅक्सीने घरी आली. मी म्हणालो, याचं करायचं काय? ती म्हणाली, तुमचं करते तेच. खायला घालायचं आणि ऐकून घ्यायचं.

वर्षभरात बुवाने तिची शीळ उचलली. हुबेहूब. पहिल्यांदा मी टक टक करून घरी आलो तर ही बाथरूममध्ये, चहाचा पत्ता नाही आणि बुवा माझ्याकडे मान तिरकी करून बघतोय. पुढे पुढे त्यालाही चहाची वेळ कळायला लागली. ती दूध चुलीवर ठेवायची आणि तो शीळ घालायचा. तिचं काम वाचलं, असं ती म्हणायची. मी घरात आलो, आम्ही दोघं टेबलाशी बसलो की मग बुवा त्याचं खरं गाणं म्हणायचा. ते सांगता येत नाही. भरलेल्या माठातून पाणी ओततात तसा गुळगुळीत आवाज, मध्येच उसळी, मध्येच थांबणं. आमचा चहा संपेपर्यंत चालायचं.

एकदा त्याची नखं फार वाढली म्हणून आम्ही त्याला गावाबाहेरच्या पक्षी केंद्रात नेलं. तस्करांकडून पकडलेले पक्षी तिथे ठेवतात. तिथल्या डॉक्टरबाई तरुण, केस कापलेले, बोलणं थोडं आणि मुद्द्याचं. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर बुवाचं चित्र आणि शेजारीच पिवळबुड्याचं. बुवाच्या चित्राखाली लाल ठिपका, पिवळबुड्याच्या चित्राखाली हिरवा.

बायकोने विचारलं, हे काय? डॉक्टरबाईंनी नखं कापता कापता सांगितलं. दोघंही बुलबुलच. दोघं फळं खातात, किडे खातात, दोघांची घरटी वाटीसारखी, अंडी बहुतेक दोनच. लाल ठिपका म्हणजे ही जात संपत आली आहे. हिरवा म्हणजे चिंता नाही. बुवाची जात नदीकाठच्या झाडीत राहते, पिवळबुडा माणसांच्या अंगणातही राहतो, हा एक फरक झाला. पण खरा फरक गाण्याचा. बुवासारखा पक्षी गायला की तो कुठे बसलाय ते लांबून कळतं. लोक आवाजाच्या मागे जाळी घेऊन गेले. ज्या नद्यांच्या काठाला पूर्वी सकाळभर गाणं चालायचं तिथे आता एकही उरलेला नाही. पिवळबुड्याच्या मागे इतकं कोण लागतं?

तिथे जाळीच्या एका मोठ्या खोलीत बुवाच्याच जातीची पोरं होती. बंदरावर पेट्यांमध्ये सापडलेली, घरट्यातून काढून आणलेली. त्यांनी मोठ्या पक्ष्याचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. नुसता किरकिर आवाज काढायची. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांना शिकवायला कोणी नाही, आणि बुवा जंगलात वाढलेला आहे, त्याला इथे देता का? बायको म्हणाली, विचार करून सांगते.

परत येताना तिने पिंजरा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "एकाला कोणी विचारलं नाही म्हणून तो राहिला. दुसऱ्याचं फार कौतुक झालं आणि तो संपला."

मी म्हणालो, असं झालं खरं.

"बरं झालं, मी तुमचं फार कौतुक केलं नाही ते," ती म्हणाली.

त्यानंतर मी घरात पिवळबुडा झालो. मुलीचा फोन आला की ती सांगायची, तुझे बाबा ठीक आहेत, हिरवा ठिपका आहे, चिंता नाही.

पण चिंता तिचीच करायची वेळ आली. पोटात दुखतं म्हणून गेलो आणि डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन बोलायला लागले. ते सगळं इथे लिहीत नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. मुलीच्या आणि माझ्या देखत एकदा म्हणाली, "बुवाला एकटं ठेवू नका." मी हो म्हणालो. तिला पाणी दिलं. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही.

ती गेल्यावर मी दुकान बंद केलं. बुवाला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी सकाळपासून त्याच्या पिंजऱ्याशेजारी बसायला लागलो. लोकांच्या खुर्च्या दुकानात तशाच पडून होत्या. कोणी मागायला आलं नाही. इस्त्रीवाला येऊन जायचा. त्याचंही एक स्टूल माझ्याकडे अडकलं होतं, त्यामुळे तो बिचारा उभ्याने इस्त्री करत होता. पण स्टुलाचं नावही काढायचा नाही, बुवासाठी द्राक्षं आणायचा.

बुवा गायचा थांबला. चहाच्या वेळेला शीळ मात्र घालायचा. दोन आखूड, एक लांब. मी शेजारीच बसलेला असूनही उठून उभा राहायचो. उठून जायचं कुठे, मी तर घरातच. तो मान वळवून खिडकीकडे बघायचा, थांबायचा, पुन्हा शीळ घालायचा. मग पिसं फुगवून गप्प बसायचा. खरं गाणं एकदाही नाही. आम्ही सगळे समजलो की त्याला तिचं दुःख झालंय. इस्त्रीवाला म्हणायचा, मुका जीव, पण माया बघा. मलाही ते बरं वाटायचं. घरात दुःख करणारे आम्ही दोघं आहोत असं वाटायचं.

मुलगी आली ती आठ दिवसांची रजा काढून. जावयाला म्हणे स्वयंपाक येत नाही, तरी त्याला तिकडे उपाशी ठेवून आली. तिने घर आवरलं, माझे कपडे धुतले आणि तिसऱ्या दिवशी विषय काढला. आईला काय म्हणायचं होतं असं तुम्हाला वाटतं, तिने विचारलं. मी म्हणालो, सरळ आहे, मी त्याच्याजवळ राहावं. मुलगी भाजी निवडत होती, ती बाजूला ठेवली.

"तुम्ही शेजारी बसलात तरी तो एकटाच आहे बाबा. त्याच्यासारखं या घरात कोणी नाही."

मी म्हणालो, मी नाही का?

"तुम्हीही एकटेच बसलाय," ती म्हणाली.

मला राग आला. मी म्हणालो, तुझ्या आईची शीळ आता फक्त त्याच्याकडे आहे, ती मी कोणाला देऊ? मुलीने बुवाची ती शीळ मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली होती. माझ्या मोबाइलवर पाठवली. मी एकदा लावून बघितली. आवाज तोच होता. पण मोबाइल शीळ घालून कोणाची वाट बघत नाही. मी पुन्हा लावली नाही.

तिने डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आणा, पण मी लगेच ठेवून घेणार नाही, आधी ऐकेन. पोरांना पहिल्यांदा जे ऐकायला मिळेल तेच ती धरून बसतील. त्याने स्वतःचं गाणं म्हटलं तर ठेवू. नुसती माणसाची शीळच उरली असेल तर त्याला पोरांजवळ ठेवता येणार नाही, तुम्ही परत घेऊन जा.

हे ऐकून मी लगेच हो म्हणालो. मुलीला वाटलं, बाबांना पटलं. खरं म्हणजे मला माहीत होतं की बुवा गाणार नाही. इतके दिवस गायला नव्हता, तिथे परक्या जागी काय गाणार? जायचं, ऐकवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. मुलीचंही समाधान होईल.

केंद्रात त्यांनी आम्हाला चपलांसकट जंतुनाशकाच्या पाण्यातून चालवलं. बुवाला पोरांपासून लांबच्या एका खोलीत ठेवलं, तिथला आवाज पोरांपर्यंत जात नव्हता. खोलीच्या दाराला लाकडी चौकट, समोर लोखंडी बाक. आम्ही तिघं बाकावर बसलो. मी, मुलगी आणि डॉक्टरबाई. बुवाने पपई खाल्ली, पाण्यात चोच बुडवली, खोलीचे चारी कोपरे बघितले. डॉक्टरबाईंनी चहा मागवला. कप समोर आले तसं बुवाने पंख झटकले.

दोन आखूड, एक लांब.

मी नेहमीसारखा उभा राहिलो. मग खाली बसलो. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही.

बुवा थांबला. मान वळवली. पुन्हा शीळ. पुन्हा थांबला. डॉक्टरबाईंनी विचारलं, ही शीळ कोणाची? मी म्हणालो, माझ्या बायकोची, मला चहाला बोलवायची. त्यांनी मान हलवली. पुन्हा ऐकलं. आता त्या म्हणतील की जमणार नाही, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी पिंजऱ्यावर कापड टाकून गाडीत बसलो सुद्धा होतो.

"तो गप्प नाहीये," त्या म्हणाल्या. "तो थांबलाय. प्रत्येक वेळी तेवढाच थांबतो. शीळ झाली की घरी पुढे काय व्हायचं?"

"पुढे मी घरी यायचो," मी म्हणालो.

"ते नंतर. शीळ झाल्या झाल्या काय?"

मला तेव्हा कळलं. ती गेल्यापासून मी दुकानात गेलोच नव्हतो. हातोडी हातात घेतलीच नव्हती. त्याच्या शेजारी बसून राहिलो, म्हणून त्याला एकदाही जबाब मिळाला नाही. आम्ही म्हणत होतो तो दुःख करतोय. कदाचित करतही असेल. पण तो रोज मला बोलवत होता, आणि मी येतोय असं काही त्याला ऐकू येत नव्हतं.

मुलीकडे बघितलं. ती त्या टकटकीतच लहानाची मोठी झाली. तिला माझ्याआधी समजलं होतं. तिच्या बोटांची मूठ मांडीवर होती आणि ती जमिनीकडे बघत होती. ती सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. माझ्यावर सोडलं.

शीळ झाल्यावर काहीच होत नव्हतं, असं मी म्हणालो असतो तर चाललं असतं. बुवा घरी आला असता. रोज दुपारी शीळ झाली असती आणि मी रोज उठून उभा राहिलो असतो. तो मरेपर्यंत, किंवा मी.

बुवाने पुन्हा शीळ घातली. यावेळी शेवटचा सूर जरा खाली आला, माझी बायको कंटाळली की यायचा तसा. चहा गार झाला असं म्हणायच्या आधीची शीळ.

मी उठलो, चौकटीपाशी गेलो आणि बोटाच्या पेराने लाकडावर दोनदा वाजवलं.

बुवा दांडीवर सरकला. घशातून बारीक आवाज काढला. मी येऊन बाकावर बसलो, मुलीने कप माझ्या हातात दिला, आणि तो गायला लागला. सगळं. माठातलं पाणी, उसळी, थांबणं, पुन्हा पाणी. खोली लहान असल्यामुळे आवाज घरच्यापेक्षा मोठा वाटत होता. आमचा चहा संपला तरी तो थांबला नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. मुलगी रडत होती. मी रडलो नाही. मला ते गाणं पुरतं ऐकायचं होतं.

मग डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. गाणं शाबूत आहे. काही दिवस त्याला इथे एकटा ठेवतील. शिळेला जबाब मिळाला नाही तर बहुतेक ती हळूहळू मागे पडेल. मग पोरांजवळ नेलं आणि त्यांचा आवाज कानावर आला की तो नुसत्या गाण्यावर येईल. म्हणून मी काही महिने यायचं नाही, आणि टक टक तर कोणीच करायची नाही.

"म्हणजे तो शीळ विसरणार," मी म्हणालो.

"बहुतेक," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, ते मला आवडलं.

मी म्हणालो, ठेवा.

जायच्या आधी पिंजऱ्याजवळ गेलो. बुवा पपईत होता, माझ्याकडे लक्ष नव्हतं. नखं वेळेवर कापा, एवढं डॉक्टरबाईंना सांगितलं. बाहेर पडताना डॉक्टरबाईंच्या खोलीतल्या भिंतीवरचा तक्ता दिसला. लाल ठिपका तसाच होता. हिरवाही.

मुलगी परत गेली. जाताना म्हणाली, फोन रोज करणार. मी म्हणालो, तुझ्या नवऱ्याला आधी जेवायला घाल.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. आत एका पिवळबुड्याच्या जोडीने घरटं केलं होतं. आढ्याला टांगलेल्या एका अर्धवट विणलेल्या खुर्चीत, वेताच्या सुटलेल्या टोकांमध्ये. दाराच्या वरच्या फटीतून ये-जा चालली होती. दोन पिल्लं, डोळे न उघडलेली, नुसती तोंडं. मी दार उघडलं तसा नर माझ्या डोक्यावर येऊन वाटेल ते बोलायला लागला. माझ्याच दुकानात मला. ती खुर्ची ज्याची होती त्याला निरोप पाठवला की काम लांबेल. त्याने कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं, तो हसला.

पहिलं काम इस्त्रीवाल्याच्या स्टुलाचं केलं. तो येऊन त्यावर बसून बघत राहिला, गादीवर बसल्यासारखा. मग वर बघून म्हणाला, मिस्त्री, हे तर साधे आहेत, गात नाहीत. मी म्हणालो, हो, म्हणून तर आहेत.

दोनेक महिन्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. बुवा आता पोरांच्या शेजारच्या खोलीत आहे, मध्ये जाळी. तो गायला लागला की पोरं किरकिर बंद करून जाळीला येऊन चिकटतात. एकाला सुरुवातीचा भाग येतो, बेसूर, पण येतो. मी विचारलं, आणि शीळ? त्या म्हणाल्या, पंधरा-वीस दिवस घालत होता, आता नाही. मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर वर बघितलं. पहिली पिल्लं कधीच उडून गेली होती, त्याच घरट्यातल्या दुसऱ्या खेपेच्या पिल्लांना पिसं फुटली होती, दोघंही खुर्चीच्या काठावर येऊन तोल सांभाळत होती.

दुपार झाली. चहा आता मीच करतो. साखर अजून कमीजास्त होते. हातातली बैठक विणून झाली होती. कोणी बोलावलं नव्हतं, पण वेळ झाली होती. मी हातोडी उचलून बाकावर दोनदा वाजवली.

समोरून इस्त्रीवाला म्हणाला, "कोणाला वाजवताय मिस्त्री?"

"कोणाला नाही," मी म्हणालो. "येतोय म्हणून सांगितलं."

आणि हातोडी ठेवून, गल्ली ओलांडून घरी गेलो.